लिंडेनवार्टची कोरडी भिंत

"सव्वाशे माणसं, त्यात चाळीस मुलं, आणि चार पातेली श्रीखंड," शरयूमावशी व्हॅनच्या मागच्या सीटवरून म्हणाली. "नरेंद्र, त्या किल्ल्यात सावली नसली तर माझ्या श्रीखंडाचं पीयूष होईल. आत्ताच सांगून ठेवते."

"सावली भरपूर आहे," गाडी चालवता चालवता उत्तराचे बाबा म्हणाले. "मॅनेजरने प्रॉमिस केलंय. उंच भिंतीच्या अगदी खाली स्टेज. बेंचसुद्धा तेच देणार."

१९८४ चा जुलै होता. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या मराठी मंडळाची उन्हाळी पिकनिक शनिवारी होती आणि व्यवस्था पाहायला ही मंडळी बुधवारीच निघाली होती. तेरा वर्षांची उत्तरा, तिचा दहा वर्षांचा भाऊ कुमार, उत्तराच्याच वर्गातला विवेक आणि विवेकची आई शरयूमावशी. पुढच्या सीटवर होते आबा, म्हणजे उत्तराचे आजोबा पुरुषोत्तम. ते एप्रिलमध्ये सांगलीहून आले होते. गेले तीन महिने ते रोज खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत. गाडी चालवता येत नाही, शेजारपाजाऱ्यांशी बोलता येत नाही, घरात काही करायला गेलं की "आबा, तुम्ही बसा, मशीन आहे" असं ऐकायला मिळे.

"हा किल्ला खरंच जर्मनीचा आहे?" कुमारने विचारलं. "की डिस्प्ले आहे?"

"खरा," बाबा म्हणाले. "पोचल्यावर कळेल."

पाइन हार्बर हे ह्युरॉन सरोवराच्या काठचं छोटंसं गाव होतं. गावाबाहेर, झाडीत, एका तळ्याजवळ तो किल्ला उभा होता: अर्धा बुरूज, एक कमानदार दरवाजा आणि एक लांबलचक उंच भिंत. दारात चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं असलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्या मिसेस कोलर. त्या इथे पगार न घेता गाइडचं काम करत.

"हा लिंडेनवार्ट किल्ला," त्यांनी मुलांना सांगितलं. "सातशे वर्षांपूर्वी जर्मनीत, मोझेल नदीवरच्या एका टेकडीवर बांधला. पुढे लढाईत पडला आणि तसाच पडून राहिला. १९१२ साली इथल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याने ते अवशेष विकत घेतले आणि दगड जहाजात भरून इथे आणले. माझे वडील त्या दगडांबरोबर आले. पाथरवट होते. अर्धं काम झालं आणि व्यापारी वारला. उरलेले दगड तिकडेच राहिले."

विवेकने थोडा विचार केला. "म्हणजे पडका किल्ला आणून तो पडकाच बांधला?"

मिसेस कोलर इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "बरोबर. पण अगदी नीट पडका."

उत्तराने हे सगळं मराठीत आबांना सांगितलं. आबा बुरुजाजवळ गेले आणि दोन दगडांमधल्या फटीवरून त्यांनी बोट फिरवलं. गेल्या तीन महिन्यांत उत्तराने त्यांना एखाद्या गोष्टीला इतक्या मायेने हात लावताना पाहिलं नव्हतं.

आठवडाभर पाऊस पडत होता. तो जरा थांबला होता, पण झाडं ठिबकत होती, बुरुजावरचं शेवाळ ठिबकत होतं. कुमार मात्र हातात किल्ल्याचं एक जुनं पोस्टकार्ड घेऊन भिंतीखालच्या अंगणात इकडून तिकडे फिरत होता.

"काय शोधतोयस?" उत्तराने विचारलं.

"बेडूक. दिस इज नॉट फेअर. या कार्डवर बघ, भिंतीच्या खाली भोकं आहेत. प्रत्येक भोकातून पाणी येतंय आणि इथे, हा बघ, बेडूक बसलाय. आता भोकंच नाहीत. पाणी नाही. बेडूक नाही."

उत्तराने कार्ड पाहिलं, मग भिंत पाहिली. खरंच, सगळा किल्ला भिजलेला आणि ही एवढी मोठी भिंत तळाशी कोरडी ठणठणीत.

"आबा," तिने हाक मारली, "जरा इकडे येता?"

आबांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं. मग ते भिंतीपाशी वाकले. तळापासून हातभर उंचीवर सिमेंटचे गोल ठिपके होते, एका ओळीत, वीस-पंचवीस. आबांनी खिशातल्या किल्लीने एका ठिपक्यावर ओरखडा काढला.

"नवं सिमेंट आहे. याच वर्षीचं," ते म्हणाले. "भोकं बुजवलीत."

"मग काय झालं?" विवेक म्हणाला.

"भिंतीच्या मागे काय आहे?"

"माती. वर गच्चीसारखं ग्राउंड आहे, गवत आहे."

"म्हणजे ही भिंत मातीचा डोंगर अडवून उभी आहे. पाऊस पडला की मातीत पाणी मुरतं. ते या भोकांतून बाहेर यायला हवं. नाही आलं तर मागे साठत जातं. ओली माती कोरड्या मातीपेक्षा किती जड असते, माहितेय? ती भिंतीला ढकलायला लागते." आबा दोन पावलं मागे सरले आणि वर बघू लागले. "सदतीस वर्षं पाटबंधारे खात्यात आणि घाटरस्त्यांवर मी अशाच भिंती बांधल्या. पोरांनो, आधी इकडे लांब या. तुमची पिकनिक इथे होणार आहे?"

भिंतीच्या मधोमध एक बारीक चीर होती. नागमोडी, केसाएवढी.

"ही जुनी असेल," उत्तरा म्हणाली.

"असेल. जुनी की वाढती, ते विचारायचं तिलाच. काचेची पट्टी आहे कुणाकडे? पातळ हवी."

विवेककडे मायक्रोस्कोपच्या काचपट्ट्या होत्या, सुट्टीतल्या सायन्स प्रोजेक्टसाठी आणलेल्या. मिसेस कोलरकडे जुनी भांडी सांधायचं प्लॅस्टर होतं. मुलांना लांब उभं करून आबांनी स्वतः एक पट्टी चिरेवर आडवी ठेवली आणि तिची दोन्ही टोकं प्लॅस्टरने भिंतीला चिकटवली.

"भिंत स्थिर असली तर काच अशीच राहील," ते परत येऊन म्हणाले. "केसभर जरी हलली तरी काच तुटेल. काच लवत नाही. म्हणून ती खोटं बोलत नाही."

संध्याकाळी पुन्हा पाऊस आला. गुरुवारी सकाळी सगळे धावत आले, तर काचेचे दोन तुकडे झाले होते.

मॅनेजर मिस्टर हॅस्केट ऑफिसात कॉफी पीत होते. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. उंच, हसरे, आणि सदैव घाईत. त्यांनी उत्तराचं सगळं ऐकून घेतलं.

"ती भोकं मीच बंद करून घेतली," ते म्हणाले. "हिरवे ओघळ यायचे, लग्नाचे फोटो खराब व्हायचे. आता बघ किती स्वच्छ दिसते. आणि काचेचं म्हणशील, तर कुणीतरी बॉल मारला असेल."

"काल दुपारपासून इथे कुणीच नव्हतं, सर."

"स्वीटहार्ट, ती भिंत माझ्या जन्माच्या आधीपासून उभी आहे. शनिवारनंतर बघतो मी. ओके?"

बाहेर आल्यावर विवेक चिडला होता. "बॉल म्हणे! आता तीन पट्ट्या लावू. वर, मध्ये, खाली. बॉलने तिन्ही एकदम कशा तुटतील?"

आबांनी तीन पट्ट्या लावल्या. मिसेस कोलरनी आपल्या इन्स्टंट कॅमेऱ्याने फोटो काढले आणि प्रत्येकामागे तारीख आणि वेळ लिहिली. शुक्रवारी सकाळी वरच्या दोन काचा तुटलेल्या होत्या. त्याहून वाईट गोष्ट कुमारला लांबून, बुरुजाच्या जिन्यावरून दिसली. वरच्या गवतात, भिंतीला समांतर, एक लांब काळी रेघ पडली होती. आबा एकटेच तिथवर गेले आणि त्यांनी हातातली छत्री त्या रेघेत खाली सोडली. छत्री मुठीपर्यंत आत गेली.

नवे फोटो दाखवूनही मिस्टर हॅस्केट "शनिवारनंतर" एवढंच म्हणाले. तेव्हा मिसेस कोलरनी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसला फोन लावला. तिकडच्या माणसाने सगळं लिहून घेतलं आणि इंजिनिअर सोमवारी येईल असं सांगितलं.

"पण पिकनिक उद्या आहे," उत्तरा म्हणाली.

दुपारी भाड्याने घेतलेल्या कॉटेजवर आबांनी स्वतः बाबांपुढे ते फोटो ठेवले. बाबा फोनवर कुणाला तरी रस्ता समजावत होते. फोन ठेवून त्यांनी फोटो पाहिले.

"आबा, इथे सगळ्याचं इन्स्पेक्शन होतं. आपल्याकडच्यासारखं नाही. मॅनेजर ठीक म्हणतो तर असेल ठीक. सव्वाशे लोकांना कळवलंय, आता जागा कुठे बदलू? आणि काय सांगू, माझ्या वडिलांना असं वाटतं म्हणून?"

आबा फोटो गोळा करून बाहेर पायरीवर जाऊन बसले. जरा वेळाने मुलं त्यांच्याभोवती येऊन बसली.

"मी चुकत असेन," आबा म्हणाले. "देश वेगळा, दगड वेगळा."

"काच तर मिशिगनचीच होती," कुमार म्हणाला. "ती तुटली ना?"

आबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते हसले. उत्तराला एकदम धीर आला.

"आपण 'डेंजर' असा बोर्ड लावू," विवेक म्हणाला.

"मिस्टर हॅस्केट दोन मिनिटांत काढून टाकतील," उत्तरा म्हणाली. "लोक कशाला घाबरतात? खरं सांग. तू बागेत बेंचवर बसायच्या आधी काय बघतोस?"

विवेकने विचार केला. "रंग ओला आहे का ते."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

मिसेस कोलरना हा बेत इतका आवडला की त्यांनी टाळी वाजवली. किल्ल्याचे चौदा लाकडी बेंच कमानीबाहेरच्या शेडमध्ये रचून ठेवलेले होते. ते रंगवायचं काम मे महिन्यापासून मिसेस कोलर आणि त्यांच्या स्वयंसेवकांच्या नावावर पडून होतं, हिरव्या रंगाच्या डब्यांसकट. खोटं काहीच बोलायचं नव्हतं. फक्त काम करायचं होतं.

शनिवारी सकाळी सात वाजता तिन्ही मुलं आणि मिसेस कोलर शेडमध्ये हजर होते, आणि आबा पाचवे. आबांनी धोतराला रंग लागू नये म्हणून विवेकची जुनी पँट घातली होती. ती त्यांना घोट्याच्या वर होत होती. साडेनऊपर्यंत चौदा बेंच रंगवून झाले आणि सगळ्यांनी ते उचलून वाळायला ठेवले. कुठे? अंगणात जायच्या कमानीत, दोन रांगांत, एकाला एक लावून. त्या कमानीखेरीज अंगणात जायला दुसरी वाट नव्हती. पुढे मिसेस कोलरच्या टपोऱ्या अक्षरात पाटी होती: ओला रंग.

मग उत्तरा शरयूमावशीकडे गेली. तिच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरलं होतं. मावशीने फोटो पाहिले, आबांकडे पाहिलं.

"पुरुषोत्तमकाका, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"मी माझ्या नातवंडांना तिथे बसू देणार नाही," आबा म्हणाले.

"संपलं तर मग," मावशी म्हणाली. "जेवण तळ्याकाठच्या मेपलखाली. जिथे जेवण तिथे मंडळ. नरेंद्रचं मी बघते."

दहाला गाड्या यायला लागल्या. मिस्टर हॅस्केट कमानीपाशी आले आणि थबकले. "आजच रंगवायचे होते का एल्सा?"

"तू मे महिन्यापासून मागे लागला होतास," मिसेस कोलर शांतपणे म्हणाल्या.

मिस्टर हॅस्केटनी एका बेंचला बोट लावून पाहिलं. बोट हिरवं झालं. तिकडून बाबाही आले. बेंच, पाटी आणि मुलांचे हिरवे हात बघून त्यांच्या सगळं लक्षात आलं. ते रागावून काही बोलणार, तेवढ्यात मेपलखालून शरयूमावशीची खणखणीत हाक आली, "नरेंद्र, पुऱ्या तळायला शेगडी लावून दे!" आणि त्यांना जावंच लागलं.

मंडळाचे अध्यक्ष मोहनकाका यांनी बेंच ओले बघून सतरंज्या झाडांखाली टाकायला सांगितल्या. लंगडी झाली, संत्रं-लिंबू झालं, जेवणं झाली. ऊन होतं, तळ्यावरून वारा येत होता, आणि भिंत जशीच्या तशी उभी होती. दीड वाजला. दोन वाजले.

"आबा," कुमार हळूच म्हणाला, "पडलीच नाही तर?"

"तर फार चांगलं होईल," आबा म्हणाले. "मी देवाचे आभार मानीन. आणि बाबांची माफी मागेन."

सव्वादोनला मोहनकाकांना भाषणासाठी माइक हवा झाला. स्पीकरची पेटी मिस्टर हॅस्केटनी आदल्याच दिवशी अंगणात नेऊन ठेवली होती. "मी आणतो," म्हणत ते निघाले. पँटला रंग लागला तरी फिकीर न करता ते दोन्ही रांगा ओलांडून आत उतरले. मुलांनी पाहिलं तोवर ते भिंतीपाशी पोचलेसुद्धा.

आबा उठून कमानीकडे धावले. मुलं मागोमाग. आबांनी हात आडवा करून त्यांना कमानीच्या बाहेरच थांबवलं. आतून आवाज येत होता, बारीक खडे घरंगळल्यासारखा. एकापाठोपाठ एक.

तीन महिन्यांत आबा परक्या माणसापुढे इंग्रजीचा एक शब्द बोलले नव्हते. आता ते छाती फुटेल इतक्या जोरात ओरडले, "सर! कम आउट! लीव्ह इट! रन!"

मिस्टर हॅस्केटनी वळून पाहिलं. त्या आवाजात असं काही होतं की त्यांनी कारण विचारलं नाही. हातातली पेटी टाकून ते धावत सुटले. बेंचवरून ते अक्षरशः आडवे होऊन अलीकडे पडले, आणि त्याच क्षणी भिंतीचा मधला भाग पोट फुगल्यासारखा पुढे आला. मग ती खाली बसली. मोठा आवाज झाला, पण स्फोटासारखा नाही. खोल, लांबत जाणारा. दगडांमागून चिखलाचा लोंढा आला आणि अंगणभर पसरला. जिथे स्टेज असायला हवं होतं, तिथे पुरुषभर उंचीचा ढीग झाला.

तळ्याकाठी कुणीतरी किंचाळलं. मग आयांनी आपापली मुलं मोजायला सुरुवात केली. शरयूमावशीने सगळी मिळून मोजली आणि परत एकदा मोजली. चाळीस.

मिस्टर हॅस्केट जमिनीवर बसले होते. शर्टापासून बुटांपर्यंत हिरवे पट्टे. ते बराच वेळ त्या ढिगाकडे बघत राहिले.

"तुम्ही मला सांगितलं होतं," शेवटी ते उत्तराला म्हणाले. "दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." मग उठून त्यांनी आबांचा हात दोन्ही हातांत घेतला. "घरी मला दोन मुली आहेत, सर. थँक यू."

बाबा धापा टाकत आले होते. त्यांनी आधी कुमारला जवळ घेतलं, मग उत्तराला, विवेकच्या डोक्यावर हात ठेवला. आणि सगळ्या मंडळादेखत ते आबांच्या पाया पडले. ट्रॉयच्या ऑफिसात तीस इंजिनिअरांचे बॉस असलेल्या बाबांना उत्तराने असं कधी पाहिलं नव्हतं.

"आबा, चुकलो मी. मी तुमचं बोलणं ऐकायलाच हवं होतं."

"अरे, मी नुसतं बघितलं," आबा म्हणाले. "पण पुढचं सगळं या पोरांनी केलं. भिंत कोरडी आहे, हे कुमारला पहिल्यांदा दिसलं. आणि मी हार मानली होती, तेव्हा ही माझ्याजवळ येऊन बसली. मीच यांचे आभार मानायला हवेत."

मोहनकाकांनी मग माइकशिवायच भाषण केलं. ते फार छोटं होतं. त्यांनी तिघा मुलांना पुढे बोलावलं आणि म्हणाले, "आज इथे सव्वाशे माणसं जेवली आणि सव्वाशे घरी जाणार आहेत. आणखी काय बोलू?" टाळ्या थांबेनात. मिसेस कोलरना शरयूमावशीने आग्रहाने तिसरी वाटी श्रीखंड वाढलं. ढिगाकडे बघताना त्यांचे डोळे भरून आले होते. "माझ्या वडिलांनी ती भोकं मुद्दाम ठेवली होती," त्या म्हणाल्या. "आज त्यांचं म्हणणं कुणाला तरी समजलं."

सोमवारी काउंटीची इंजिनिअर आली. बाबांनी मुद्दाम दोन दिवस सुट्टी वाढवून घेतली होती. त्या तरुण बाईने फोटो पाहिले, तुटक्या काचा पाहिल्या आणि मग आबांबरोबर ढिगाभोवती दोन तास हिंडली. मध्ये उत्तरा, इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगत. विवेक टेप धरत होता, कुमार आकडे लिहीत होता. पुन्हा बांधताना भोकं किती अंतरावर ठेवायची, मागे खडी किती भरायची, बाई विचारत होती आणि आबा सांगत होते. त्यांचा आवाज आता घरात असायचा तसा नव्हता. तो कुणाला तरी काम समजावून देणाऱ्या माणसाचा आवाज होता.

निघताना बाईने वही काढली. "रिपोर्टमध्ये लिहायचंय. यांनी हे काचेचं शिक्षण कुठे घेतलं? कोणतं कॉलेज?"

उत्तराने ते आबांना मराठीत विचारलं.

"कॉलेजात नाही शिकवत हे," ते म्हणाले. "सांग तिला, एक्केचाळीस साली घाटात माझ्या हाताखाली एक गवंडी होता, श्रीराम. शाळेत एक दिवस गेला नव्हता. मी एकवीस वर्षांचा नवा ओव्हरसियर, त्याला हुकूम सोडायचो. एकदा त्याने एका भिंतीला अशीच काच लावली आणि सकाळी मला नेऊन ती तुटलेली दाखवली. त्या दिवशी आम्ही साठ मजूर खालून हलवले. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. साहेब होतो ना तेव्हा."

उत्तराने एक-एक वाक्य सावकाश इंग्रजीत सांगितलं. बाई लिहिता लिहिता थांबली. मग तिने वही उत्तरापुढे धरली.

"त्या गवंड्याचं नाव कसं लिहायचं?" तिने विचारलं. "रिपोर्टमध्ये ते असायला हवं."

उत्तराने पेन घेतलं आणि एकेक अक्षर नीट सुटं काढत ते नाव लिहिलं. आबा तिच्या खांद्यावरून वाकून, शेवटचं अक्षर होईपर्यंत बघत होते.